आत्याला बसवायच्या पार्ट्या

आमच्या आईला पार्टी हा शब्द फार आवडायचा. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, बोटीवर नोकरी होती. तो सुट्टीवर आला की गोऱ्या उतारूंच्या करमणुकीच्या गोष्टी सांगायचा. एका संध्याकाळी म्हणे सगळ्यांनी टोप्या घालायच्या, एका संध्याकाळी सगळ्यांनी खलाशी व्हायचं, आणि जो तसा येणार नाही त्याला जेवण नाही. आई तोंडात पदर धरून हसायची. मग एक दिवस हसायची थांबली आणि म्हणाली, "यात आहे काय मोठं? एक कायदा करायचा आणि आलेल्या माणसांनी तो पाळायचा. आपल्याला काय धाड भरलीय?"

तेव्हा आम्ही गिरगावात, ठाकुरद्वारच्या नाक्याजवळ, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आम्ही जुने मुंबईकर प्रभू. पणजोबांच्या नावावर दोन वाड्या होत्या असं घरात अधूनमधून निघायचं. आमच्यापर्यंत त्यातलं पोचलं ते एवढंच: दोन खोल्या, एक शिसवी कपाट आणि सरंगा मासा कुठला ताजा, कुठला शिळा हे वासावरून ओळखायची अक्कल. बाकी सगळं मधल्या पिढ्यांनी खाऊन टाकलं. बाबा एका विमा कंपनीत कारकून होते. मी अकरा वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. शाळा कधी सुरू, कधी बंद. आज हरताळ, उद्या संचारबंदी. बाबा एरवी मीठ कमी झालं तरी तोंड न उघडणारा माणूस, पण सभा म्हटली की चौपाटी असो, नरे पार्क असो नाहीतर शिवाजी पार्क, ऑफिसातून परस्पर गाठायचे. घरी यायचे ते घसा बसवून. मग आत्याने गरम पाण्यात मीठ घालून द्यायचं आणि त्यांनी गुळण्या करता करता त्या दिवशीच्या भाषणातला अन्याय आम्हांला समजावून सांगायचा. गुळण्यांमुळे तो अर्धाच कळायचा.

मजल्यावरच्या सगळ्या घरांतले पुरुष असेच सभांना जायचे. त्यामुळे सभेच्या संध्याकाळी अख्खा मजला बायकांचा. आईच्या पार्ट्या निघाल्या त्या या मोकळ्या संध्याकाळींतून. कारण मात्र वेगळंच होतं, आणि ते म्हणजे आत्या.

आत्या बाबांची मोठी बहीण. बाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली. त्याला चौदा वर्षं झाली होती. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी सांगितलं, पांढरं नेसायचं आणि शुभकार्यात पुढं यायचं नाही. आजोबांना जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. पण नियम भिंतीवरच्या खिळ्यासारखा तिथंच राहिला होता. तो काढून टाक असं कोणी म्हणालं नाही. बाबा तर नाहीच नाही.

मजल्यावरच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज आत्या शिवायची. दिवसभर तिच्या मशीनभोवती लाल, हिरवे, जांभळे तुकडे पडलेले असायचे आणि त्यांच्या मधोमध ती पांढऱ्या पातळात बसलेली असायची. कोणाचा दंड किती, कोणाचा गळा किती, सगळं तिला तोंडपाठ. बायका तिला माप द्यायला यायच्या, गाऱ्हाणी सांगायला यायच्या, सुनेच्या चुगल्या करायला यायच्या. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की याच बायका नटूनथटून आमच्या बाहेरच्या खोलीत बसायच्या, आणि आत्या स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन आत. तिळगूळ तिनं केलेला, वाण तिनं बांधलेलं, बायकांच्या अंगातले ब्लाउज तिनं शिवलेले. ती तेवढी दाराआड.

एका संक्रांतीला आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती आणि तिला आणखी अत्तर हवं होतं. ती आत गेली. आत्या माठाजवळ बसून बाहेरच्या गप्पा ऐकत होती आणि ऐकून हसत होती. आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून हसत होती. आई बाहेर आली ती अत्तर न घेताच. सगळ्या बायका गेल्यावर तिनं मला म्हटलं, "पुढच्या वेळी वन्सं बाहेर बसतील. बघच तू."

आमची आई काही सुधारक वगैरे नव्हती हो. तिला व्रतंवैकल्यं हवीत, हळदीकुंकूही हवं. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती माणूस राहायची नाही, भुंगा व्हायची. हळदीकुंकवाला बसवता येत नाही ना, मग हळदीकुंकू नसलेलं काहीतरी काढू, हा तिचा हिशेब. पार्टीला कुंकू लागत नाही. पार्टीला फक्त कायदा लागतो.

पहिली पार्टी गोल वस्तूंची झाली. कायदा असा, की खायचं ते गोल, खेळायचं ते गोल आणि बसायचंही गोल करून. म्हणजे कोपराच नाही, आत्या जाणार कुठे? चिठ्ठ्या वाटायचं काम माझ्याकडे होतं. शेजारची नवी वहिनी, जिचं लग्न होऊन सहा महिने झाले होते, ती कॅरमच्या सोंगट्या घेऊन आली. टोकाच्या खोलीतल्या मालवणी काकूंनी डोक्यावरच्या अंबाड्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यो चलात?" दुसऱ्या मजल्यावरच्या शाळामास्तरीण बाई पृथ्वीचा गोल घेऊन आल्या आणि परत नेईपर्यंत कोणाला हात लावू देईनात. बटाटेवडे, पुऱ्या, बेसनाचे लाडू, उकडलेली अंडी, असा बेत होता. आणि आत्या? "गरम वडे कोण तळणार वहिनी? तुम्ही बसा, मी एकेक घाणा पाठवते." शेवटचा घाणा आला तेव्हा बायका चपला शोधत होत्या.

"बरं," आई म्हणाली.

दुसरी पार्टी बिनचुलीची. चूल नाही, स्टोव्ह नाही, तळणं नाही. भेळ, दडपे पोहे, काकडीची कोशिंबीर, कलिंगड, सरबत. आत्यानं काकडी आधीच बारीक चोचवून ठेवली, आणि बायका बसल्यावर आईनं तिला हाताला धरून बाहेर आणलं. आत्या बसलीसुद्धा. मी मोजत होते. कलिंगडाची पहिली फोड खाऊन होते न होते तोच ती उठली. "ताटल्या साचल्यात, विसळून टाकते." आईनं कपाळावर हात मारला. तिसरी पार्टी म्हणून पानांची. केळीची पानं, द्रोण, अळूवडी, पानगी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि शेवटी विडा. ताटल्यांचा मागमूस नाही. आई विजयी मुद्रेनं बसली होती. आत्यानं उष्टी पानं गोळा केली, मुडपून पाटीत भरली आणि म्हणाली, "देवळाजवळच्या गाईला घालून येते." ती आली दिवेलागणीला.

"वन्सं, गाय काय पळून जाणार होती?" आई तडकली.

"गाय नाही हो. पण पानं वाळली असती."

मधे एक मुकी पार्टी झाली. कायदा, कोणी बोलायचं नाही. मालवणी काकू तिसऱ्या मिनिटाला बोलल्या आणि मग कोणी थांबलंच नाही. त्या पार्टीला आत्याला दुसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण बघायला जायचं होतं.

मला आत्याचा रागच यायला लागला. एवढी आई तिच्यासाठी नाचतेय आणि हिचं आपलं गाय काय, बाळंतीण काय. एका दुपारी ती मशीनवर बसली असताना मी सरळ विचारलं, "तू का बसत नाहीस गं? पार्टीला तर कुंकू नसतं."

तिनं पायडल थांबवलं नाही. "तुझ्या बाबाच्या लग्नात, सख्ख्या भावाचं लग्न म्हणून, मी पुढच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी एक बाई होत्या. त्यांनी आपल्या सुनेला हळूच उठवलं आणि मागे नेऊन बसवलं. चांगल्या बाई होत्या. मला बघून हसल्याही." तिनं दोरा दातानं तोडला. "मी बसले की कुणीतरी उठतं. त्यापेक्षा मी आधीच उठलेली बरी."

मी हे आईला सांगितलं. दोन दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं. वरणात मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत उभी होती. दोरीवर मजल्यावरची सगळी पातळं ओळीनं होती आणि रंगीत पातळांमध्ये एकच पांढरं. आईनं चुटकी वाजवली.

"पांढरी पार्टी," ती म्हणाली. "सगळ्याजणींनी पांढरं नेसायचं. वन्सं वेगळ्या दिसणारच नाहीत. मग कोण कशाला उठतंय?"

मला ही कल्पना थोर वाटली. आईलाही. बाबांना मात्र ठसका लागला. "घरात सवाष्णी पांढरं नेसून बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोक सभेला असतील," आई म्हणाली. "तुम्हीही जा."

आठवडाभर मजल्यावर दुसरा विषय नव्हता. आईनं बेत आखला: घावन, दहीभात, नारळाची वडी, साबुदाण्याची खीर आणि आमसुलं न घालता नारळाच्या दुधाची कढी. पापलेटाचं भुजणं हळदीमुळे बाद झालं, त्याचं आम्हां सगळ्यांनाच वाईट वाटलं. मी चिठ्ठ्या वाटल्या. आणि मग खरी अडचण पुढे आली. पार्टीच्या दुपारी मालवणी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "गो बाय, पांढरा लुगडा माका खंय गावतला?"

बरोबर होतं त्यांचं. सवाष्णीच्या कपाटात पांढरं पातळ असतंच कुठे? नव्या वहिनीकडे नव्हतं, मास्तरीण बाईंकडे नव्हतं, आईकडेही नव्हतं. आई तेव्हा खाली नारळ आणायला गेली होती. इथं मी माझी अक्कल पाजळली. "आत्याकडे आहेत की," मी म्हणाले. "चांगली सात आहेत. तिच्याकडून घ्या."

एवढं बोलून मी थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण मी प्रत्येकीला हाताला धरून आत्याच्या ट्रंकेपाशी घेऊन गेले. वाचनालयातली पुस्तकं द्यावीत तशी पातळं दिली. आत्या मशीनवरून उठली, एकेक पातळ काढलं, घडी मोडून निऱ्या किती होतील ते बघितलं, आणि देत गेली. नव्या वहिनीला मऊ मलमलीचं, मास्तरीण बाईंना जरा जाड, कारण त्यांना पातळ अंगावर चिकटलेलं आवडत नाही. मालवणी काकूंना त्यातल्या त्यात लांब. एक आईसाठी बाजूला काढलं. उरलेली वरच्या मजल्यावरच्या तिघींनी नेली. सगळ्या हसत होत्या. नवी वहिनी पातळ अंगाला लावून आरशासमोर गोल फिरली आणि म्हणाली, "हे ऑफिसातून यायच्या आत सोडायला हवं हं. बघितलं तर घाबरतील." सगळ्या खोखो हसल्या. आत्याही हसली. मी तिच्याकडेच बघत होते आणि तरीही मला काही कळलं नाही. अकराव्या वर्षी मला सगळं कळत होतं ते हे असं.

आई वर आली तेव्हा ट्रंक उघडी होती आणि तळाला एक डांबराची गोळी. आत्या अंगावरच्या पातळात, घरात होता तो नारळ खोवायला बसली होती. ते पातळ घरात वापरायचं, मध्ये फाटलेला भाग काढून दोन तुकडे जोडलेलं. ती जाडसर शिवण तिच्या मांडीवर आडवी दिसत होती.

"सगळी दिलीत?" आईनं विचारलं.

"मागायला आल्या. नाही कशी म्हणू?" आत्या म्हणाली. "आता मी काही बाहेर येत नाही हं वहिनी. या जोडलेल्या पातळात पाहुण्यांत बसलेलं बरं दिसत नाही. मी आतच बरी."

हे तिचं नेहमीचंच. पण त्या दिवशी तिनं आईच्या हातात आयतं कोलीत दिलं. आई तरातरा बाहेरच्या खोलीत गेली, शिसवी कपाट उघडलं आणि स्वतःचं निळं पातळ घेऊन आली. गर्द निळं, बारीक पिवळ्या काठाचं. दिवाळीला नेसायचं पातळ ते.

"मग हे नेसा," आई म्हणाली.

आत्यानं आधी पातळाकडे पाहिलं, मग आईकडे. खोवणी थांबली.

"हा काय खेळ लावलाय तुम्ही वहिनी?" तिचा आवाज चढला नाही, पण मी दाराला टेकले. "त्या सगळ्या दोन तास पांढरं नेसतील आणि नवरा जिन्यात दिसला की सोडून ठेवतील. तुम्हीसुद्धा. तुमची मजा होईल, माझी ट्रंक उद्या परत भरेल. मी कधी सोडू?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्या एकसारख्या दिसल्या की तुम्ही आमच्यात याल. तुम्हांला आमच्यासारखं करायचं सोडून मी सगळ्यांना तुमच्यासारखं करायला निघाले. मूर्ख आहे मी. पार्टी राहू दे. सगळ्यांना परत पाठवते."

आणि ती खरंच निघाली. गॅलरीत बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. पांढरं नेसल्याची भरपाई म्हणून सगळ्यांनी त्या दिवशी जास्तीच्या बांगड्या घातल्या होत्या, आणि कुंकू तर प्रत्येकीचं चांगलं बंद्या रुपयाएवढं.

"थांबा," आत्या म्हणाली. तिनं खोबऱ्याचे हात धुतले, आईच्या हातातलं पातळ घेतलं आणि पडद्याआड गेली.

का गेली, हे मी तिला पुढे खूप वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "माझी सातही पातळं पार्टीला जाऊन बसली होती. मीच तेवढी घरात राहिले होते. मला माझीच चीड आली." एवढंच. आत्या मोठ्या भाषणांतली नव्हती. ती हौस आमच्या घरात बाबांची.

आत्या बाहेरच्या खोलीत आली तेव्हा आईनंही पांढरं नेसलं होतं आणि सगळ्या भिंतीलगत बसल्या होत्या. मी आईचा हात घट्ट धरला. ब्लाउज तिचाच होता, पांढरा. त्यावर ते निळं पातळ. ती कशी दिसत होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. मी बायकांकडे पाहत होते. कोण उठतंय?

नवी वहिनी उठली.

आत्या होती तिथंच थबकली आणि तिचं एक पाऊल मागे गेलेलं मी पाहिलं. वहिनी उठली आणि म्हणाली, "इथं खिडकीशी बसा ना आत्या. वारा येतो इथं. मी तिकडे सरकते." आणि खरोखरच ती चटई झटकून जागा करून देत होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. आत्याला मात्र ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती गेली आणि खिडकीशी, दाराकडे पाठ करून बसली.

"बस गो," मालवणी काकू म्हणाल्या. "तुझा पातळ माका आखूड झाला. पोटऱ्यो दिसतत." आणि त्यांनी पाय पसरून पुरावा दाखवला. मग जे हसू सुटलं ते खरं होतं.

खेळ मास्तरीण बाईंनी आणला होता. डोळे बांधायचे, वाटीत बोट घालायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. सगळ्या वाट्यांत पांढरंच: मीठ, साखर, रांगोळी, तांदळाचं पीठ, तुरटीची पूड. चाखायचं नाही असा कायदा होता. मालवणी काकूंनी तुरटी चाखली आणि त्यांचं तोंड असं काही आवळलं की पुढची पाच मिनिटं त्यांना बोलता येईना. मुकी पार्टी जे करू शकली नाही ते तुरटीनं केलं. नव्या वहिनीला रांगोळी आणि मिठातला फरक कळला नाही. तेव्हा आज तिच्या घरी जेवायला कोणी जाऊ नये असं सर्वानुमते ठरलं. आत्याची पाळी आली. तिनं पाचही वाट्या नुसत्या बोटाच्या टोकानं ओळखल्या, आणि वर मिठाच्या वाटीला म्हणाली, "हे कालचं आहे. दमट झालंय." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आईनं तिला बक्षीस म्हणून नारळाची जास्तीची वडी दिली. आत्यानं ती खाल्ली. बसल्या जागी, सगळ्यांच्या देखत, सावकाश. घावन संपले, मी आणायला उठले. आत्याचा हात सवयीनं जमिनीला टेकला, आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो हात परत मांडीवर गेला.

आणि तेवढ्यात जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या.

सभेचे वक्ते आलेच नव्हते. तासभर घोषणा देत वाट बघून मंडळी पांगली होती. बाबा दारात आले आणि आतलं दृश्य बघून त्यांचा चेहरा उतरला. भिंतीलगत गोल करून बसलेल्या पांढऱ्या पातळांतल्या सात बायका, आणि त्यांना बघून त्या सगळ्या एकदम गप्प झालेल्या. "कोण गेलं?" बाबांनी हळूच विचारलं.

नवी वहिनी पदरात तोंड लपवून हसायला लागली. आई म्हणाली, "कुणी नाही हो. पार्टी आहे. विसरलात?"

"हां हां. पांढरी." बाबांना हायसं वाटलं. मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. तिथं त्यांच्याकडे पाठ करून कोणी निळ्या पातळातली बाई बसली होती. ओळखीची नसलेली पाहुणी. बाबा परक्या बायकांसमोर भारी संकोचायचे. त्यांनी उंबऱ्याच्या आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि त्या पाठीला अदबीनं मान लववली. "बसा, बसा. तुमचं चालू दे. मी खालीच थांबतो." मग आईकडे वळून, बसलेल्या घशानं म्हणाले, "फक्त ताईला म्हणावं, जरा पाणी दे बाहेर. आत आहे ना ती?"

कोणी हसलं नाही. मला बाबांची लाज वाटली आणि त्यांची दयाही आली. दोन्ही एकदम, आणि इतकी की रडू फुटेल असं वाटलं. मुंबई कोणाची हे सगळ्या मैदानांवर उभं राहून ऐकलेला माणूस, आणि चौदा वर्षं ज्या बहिणीच्या हातचं पाणी पीत होता ती त्याला पांढऱ्या रंगावाचून ओळखता येत नव्हती.

आत्या वळली.

"मी इथं आहे रे," ती म्हणाली.

बाबांनी पाहिलं. त्यांचा हात चौकटीवर गेला. ते "ताई" म्हणाले. आत्यानं त्यांना थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं. मग तिनं पदर सारखा केला, पाठ भिंतीला नीट टेकवली आणि पाय पुढे पसरले.

"माठ ओट्याच्या डाव्या हाताला आहे," ती म्हणाली. "तुझं तू घे. मी बसलेय."